सोबत डिस्क जोडली आहे

ती. ताई,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण माझ्या डाव्या गुडघ्याची सध्याची अवस्था पाहता ते धडधडीत खोटं ठरलं असतं. तेव्हा उभ्याउभ्या केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी तब्येत पत्रातून विचारण्यात अर्थ नाही, कारण पत्रात तू ‘बरी आहे’ एवढंच लिहितेस आणि उरलेलं फोनवर पाऊण तास सांगतेस. सकाळची पांढरी गोळी खाऊन झाल्यावरच घेतेस ना? आणि अर्धी करताना दातांनी तोडत नाहीस ना? (चौतीस वर्षं औषधांच्या दुकानात उभा राहिलो, हजारो लोकांना गोळी कशी घ्यायची ते समजावलं. सख्ख्या बहिणीला समजावता आलं नाही.) भाऊजींना नमस्कार सांग. ते त्यावर काही बोलले तर कळव, म्हणजे तारीख लिहून ठेवता येईल.

पत्राचं कारण, सोबत एक डिस्क जोडली आहे. तुझ्या मागच्या पत्रातला हुकूम असा होता की बाबांच्या कॅसेटवरून दोन डिस्क काढाव्यात, एक मी ठेवावी, एक तुला कुरियरने पाठवावी, म्हणजे ‘दर सहा महिन्यांनी ते कॅसेट वाहणं एकदाचं संपेल’. (शब्द तुझे आहेत. पत्र जपून ठेवलं आहे.) मुद्दा बरोबर आहे. जूनच्या पहिल्या रविवारी तू साडेपाच तास बसमध्ये बसून, मध्ये एकदा गाडी बदलून इथे यायचं आणि कॅसेट घेऊन जायची. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी तेवढाच वेळ बसून तिकडे यायचं आणि ती परत आणायची. कॅसेट एकच, म्हणून बाबांनीच तशी पाळी लावून दिली होती आणि ते गेल्यावरही आपण ती मोडली नाही. एकोणीस वर्षांत त्या कॅसेटने जेवढा प्रवास केला तेवढा बाबांनी उभ्या आयुष्यात केला नसेल. आता आपले दोघांचे मिळून गुडघे चार, त्यांतला धड एकच (माझा उजवा), तेव्हा हे कधीतरी थांबणारच होतं. तुझी भावजय मला विचारत होती, जूनमध्ये ताई येणार नसतील तर पाहुण्यांच्या चादरी काढू नको ना? मी म्हटलं, नको. तिने कपाट लावून घेतलं.

शिवाय कॅसेटची प्रकृती आपल्यापेक्षा वाईट आहे. डिसेंबरात तुझ्याकडे पाहिली तेव्हा खालच्या बाजूला पांढरे पट्टे आले होते आणि बाबांचा आवाज थरथरत होता. (बाबांचा आवाज कधी थरथरला नव्हता, त्यामुळे ते कॅसेटचंच दुखणं.) इथे आणल्यावर तिच्या फितीला एका ठिकाणी चुणी पडलेली दिसली. मी नीट तपासून निदान केलं की ही आणखी फार तर सहा वेळा चालेल. सहा डोस. त्यांत डिस्क निघाली तर निघाली, नाहीतर बाबा घड्याळाचं दुकान कायमचं बंद करताना कसे दिसत होते हे आपल्याला एकमेकांना तोंडी सांगत बसावं लागेल, आणि त्यात आपलं एकमत होईल असं मला वाटत नाही. बावन्न मिनिटांत ते भिंतीवरची घड्याळं एकेक करून उतरवतात, लंबक बोटाने थांबवतात, वर्तमानपत्रात गुंडाळतात, एवढंच तर आहे. चारदा बोलतात. एकतिसाव्या मिनिटाला मान वर करून हसतात. ते हसणं तुझ्याकडे बघून की माझ्याकडे बघून, यावर आपले आजवर अडतीस वाद झाले आहेत, वर्षाला दोन प्रमाणे. (आपण कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना उभे होतो. ते माझ्याकडे बघून हसले हे स्पष्ट दिसतं.) मग शटर खाली येतं, चित्र काळं होतं आणि आपण बटण दाबून चहा करायला उठतो.

आणि हे सगळं कशामुळे, तर भाऊजींमुळे, हेही तुझंच म्हणणं. ऑफिसातून कॅमेरा मागून आणला त्यांनी, चित्रण केलं त्यांनी, त्यांच्या ऑफिसात एका कॅसेटवरून दुसरी काढायची सोय होती, आणि तरी त्यांच्या हातून दुसरी प्रत निघाली नाही. तू विचारलंस की ते ‘मशीन बिघडलं होतं’ एवढंच म्हणतात आणि वर्तमानपत्राची घडी नीट करायला घेतात. नेमकं त्याच आठवड्यात बरं बिघडलं, असं तू एकोणीस वर्षं म्हणते आहेस. मी मोठ्याने कधी म्हटलं नाही, पण मनात म्हणायचो.

तर आता यंत्राबद्दल. डिस्कवर चित्रण उतरवायचं यंत्र घरात होतंच. मी निवृत्त झालो तेव्हा दुकानातल्या सगळ्यांनी मिळून ते दिलं. (मला मनातून आरामखुर्ची हवी होती. कुणी विचारलं नाही.) दीड वर्ष ते खोक्यातच होतं आणि खोक्यावर तुझ्या भावजयीची कुंडी होती. कुंडी कुठे हलवायची या वाटाघाटींत पहिला दिवस गेला. आतून यंत्र, रिमोट, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची जुडी आणि एकशे बारा पानांचं माहितीपुस्तक निघालं. ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. हसू नकोस. औषधाच्या खोक्यातला तो घड्या घातलेला कागद पूर्ण उलगडून वाचणारा आमच्या दुकानात मी एकटाच होतो, आणि चौतीस वर्षांत माझ्या हातून चुकीची बाटली गेलेली नाही. पहिली चौदा पानं काय करू नये याचीच होती. यंत्रावर फुलदाणी ठेवू नये, हेही त्यात होतं. ते मी तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं. फुलदाणी म्हणजे कुंडी नव्हे, असा निकाल मिळाला.

तुला वाटत असेल, डिस्क म्हणजे डिस्क. मलाही वाटत होतं. प्रत्यक्षात त्यांच्यात मायनस नावाची एक जात असते आणि प्लस नावाची दुसरी, दिसायला दोघी सारख्या, आणि कोणतं यंत्र कोणतीला जवळ करील याचा भरवसा नाही. माझ्या यंत्राला मायनस हवी, असं तेविसाव्या पानावर लिहिलं होतं. मी चिठ्ठी घेऊन चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. त्या दुकानाच्या मालकाला सगळे ‘फ्यूज’ म्हणतात, कारण तिसऱ्या प्रश्नाला तो उडतो. मायनस संपली आहे, प्लस घेऊन जा, तो म्हणाला. मी विचारलं, आतला माल तोच ना? तोच, कंपनी वेगळी, तो म्हणाला. आता हे वाक्य मी स्वतः गिऱ्हाइकांना किती हजार वेळा ऐकवलं असेल! मूळ कंपनीची गोळी नसली की पर्यायी द्यायची, गुण तोच. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर माणूस गाफील राहतो. मी घेतली. मग पाकीट उलटसुलट करून मुदत कुठे छापली आहे ते विचारलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बॅच नंबर विचारला. तो तिसरा प्रश्न होता.

घरी आल्यावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ या नियमाने डिस्क फ्रिजमध्ये ठेवली. (पुस्तकात फ्रिज असा शब्द नव्हता, पण आमच्या धंद्यात थंड जागेचा अर्थ तोच.) सकाळी तुझ्या भावजयीने दूध काढताना तिला दोनदा खाली पाडलं. मग पुसून यंत्रात घातली. यंत्राने ती तोंडात घेतली, थोडा वेळ चघळली आणि बाहेर काढली. मी परत घातली. त्याने परत काढली. लहान मूल कडू औषध बाहेर ढकलतं तसं पाच वेळा झालं. त्यातल्या त्यात बरं एवढंच की कॅसेटचा डोस काही खर्च झाला नाही.

दुसऱ्या दिवशी फ्यूजने ‘पुसून परत वापरायची’ अशी मायनस दिली. हजार वेळा पुसता येते म्हणाला. माझ्यासारख्यासाठी तीच बरी, असंही म्हणाला. त्याकडे मी लक्ष दिलं नाही. वायरी रंगाला रंग बघून लावल्या, कॅसेट सुरू केली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि बावन्न मिनिटं टीव्हीही न लावता शेजारी खुर्ची टाकून बसलो. ऑपरेशन चालू असताना बाहेर बसतात तसा. मग डिस्क लावून पाहिली. एक बाई उशीचे अभ्रे शिवत होत्या. यंत्राला कॅसेटकडे बघ असं सांगायचं असतं, ते मी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने त्या वेळी चालू असलेला कार्यक्रम उतरवून घेतला. एक डोस वाया. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्यांनी मात्र तो कार्यक्रम खाली येऊन पूर्ण पाहिला आणि अभ्रा चुकीचा शिवला आहे म्हणाल्या. मग डिस्क पुसली, यंत्राला कॅसेटकडे बघायला लावलं, आणि दुसऱ्या डोसात बाबा उतरले. पट्ट्यांसकट, पण उतरले.

इथेच मी तुला आनंदाने फोन केला होता, आठवतं? तुझा प्लेयर कोणती डिस्क घेतो ते त्याच्या पुस्तकात बघ म्हटलं. तू आधी यंत्राच्या पाठीवरचा सतरा आकडी नंबर वाचून दाखवलास, मग वॉरंटी कधी संपली ते, मग दुकानदाराचा पत्ता. शेवटी मागून भाऊजींचा आवाज आला, ‘मायनस. पुसायची नको. फायनल केलेली.’ आणि ते निघून गेले. ह्यांना हे सगळं कुठून माहीत, असं तू मला विचारलंस. त्यांना विचारलं नाहीस. मीही ‘मायनस’ तेवढं ऐकलं आणि पुढचं सोडून दिलं. भाऊजींच्या बोलण्याकडे लक्ष द्यायची आपल्याकडे पद्धतच नाही. योगायोगाने शिवणकामवाल्या बाईंकडे नेमका तुझ्याच जातीचा प्लेयर आहे. त्यांच्याकडे नेऊन लावली, तर त्याने ‘डिस्क नाही’ असं लिहून दाखवलं. आत ठेवलेली असताना! पुसायची डिस्क त्याला चालत नव्हती. हे भाऊजी बोलले होते, हे मला जिना उतरताना आठवलं.

मग फ्यूजने साध्या मायनस डिस्कचा दहाचा डबा पुढ्यात आदळला आणि आता प्रश्न नको असं हाताने सांगितलं. घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते डिस्कला लेबल लावण्याचं. बिनलेबलाची बाटली फळीवर ठेवायची नाही, ही मला सवय. जुनी लेबलं खणात उरली होती, त्यांतलं एक घेऊन त्यावर बाबांचं नाव, तारीख आणि ‘घड्याळाचं दुकान, शेवटचा दिवस’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि चिकटवलं. जरा एका बाजूला गेलं. लेबलावर खाली आधीच छापलेलं होतं, ‘वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा.’ ताई, यंत्राने ते वाचलं असावं. सहाव्या मिनिटाला त्याने घरघर लावली, सतराव्या मिनिटाला त्याच्यावरचा रिमोट खाली पडला, आणि चोविसाव्या मिनिटाला तुझी भावजय स्वयंपाकघरातून विचारायला आली की आपण धुलाईयंत्र कधी घेतलं. मी बंद केलं. डिस्कला कागद चिकटवला की ती एका अंगाला जड होते आणि गरगरताना थडथडते, हे मागाहून समजलं. तिसरा डोस.

चौथ्याला बिनलेबलाची डिस्क, फ्रिजमध्ये न ठेवलेली, यंत्र कॅसेटकडे बघणारं. सगळं यथासांग. बाबा नीट उतरले. वर नेली. ‘डिस्क नाही.’ मी खाली आलो आणि मोठी कात्री घेऊन डिस्कचे दोन तुकडे केले. रागाने नव्हे. मुदत संपलेल्या गोळ्यांचं पाकीट आम्ही कापूनच टाकायचो, चुकून कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून. बाद झालेला माल घरात ठेवायचा नाही, एवढाच हेतू होता. मग फ्यूजकडे गेलो. त्याने एकच विचारलं, फायनलाइज केली होती का? म्हणजे असं की डिस्क भरून झाली की शेवटी एक बटण दाबून ती बंद करावी लागते. मग तिच्यात पुढे काही भरता येत नाही, पण ती बाहेरच्या यंत्रांत चालते. मी बाटली भरली होती, बूच लावलं नव्हतं. आणि ते मागाहूनही लावता येतं, आणा ती डिस्क, लावून देतो, असं तो म्हणाला. इतकं गोड तो आयुष्यात प्रथमच बोलला. मी त्याला कात्रीचं सांगितलं. त्याने दुकानात उभ्या असलेल्या दोघांना ते पुन्हा सांगितलं.

पण मी पुस्तक पूर्ण वाचलं होतं, मग हे कसं सुटलं? घरी येऊन तपासलं. शहाऐंशी आणि सत्त्याऐंशी ही पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली निघाली. कुंडीचं पाणी खोक्यातून झिरपलं होतं. ‘फायनलाइज’ त्यांच्यामध्येच होतं. मी तुझ्या भावजयीला काही बोललो नाही. फुलदाणी म्हणजे कुंडी नव्हे, एवढंच म्हणालो.

पाचव्या डोसात काम झालं. शटर पडल्यावर बंद केलं, बूच लावलं, वर नेली, आणि शिवणकामवाल्या बाईंच्या प्लेयरने ती विनातक्रार घेतली. बाईंनी काजं करता करता बावन्न मिनिटं पाहिली. तुमचे वडील फार बोलत नाहीत हो, म्हणाल्या. कॅमेरा धरणाऱ्याचा हात बाकी स्थिर आहे, म्हणाल्या. आणि, एकदा त्याच्याकडे बघून काय छान हसलेत! मी डिस्क काढून घेतली. बाहेरच्या माणसाला आपल्या घरातलं काय कळणार.

तर हीच ती डिस्क, सोबत जोडली आहे. कडेने धरावी, मधे बोट लावू नये, उन्हात ठेवू नये. यंत्र आता उत्तम चालतं आहे. हे पत्र लिहितो आहे तोवर माझ्यासाठीची, पुसली न जाणारी, दुसरी डिस्क निघते आहे, कॅसेटच्या सहाव्या आणि शेवटच्या डोसातून. बावन्न मिनिटांचं चित्रण उतरवायला बावन्नच मिनिटं लागतात, त्यात घाई करता येत नाही, त्यामुळे पत्र लांबलं. मागे टीव्हीवर बाबा आता कोपऱ्यातलं मोठं घड्याळ उतरवत आहेत. पट्टे वाढले आहेत. यानंतर जूनमध्ये तू यायचं कारण नाही आणि डिसेंबरात मी यायचं कारण नाही. दोघांकडे एकेक झाली, ज्याला हवं तेव्हा त्याने बघावी. सोयीचं झालं. भाऊजींना सांग की त्यांचं न झालेलं काम मी पुरं केलं.

शटर पडत आलं. उठून बटण दाबायला हवं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. उठता उठता आठवलं, डिसेंबरात माझी काळी छत्री तुझ्याकडे दाराच्या मागे राहिली आहे. कुरियरने पाठवू नकोस, त्या लोकांच्या हातात छत्रीच्या काड्या वाकतात. कुणी इकडे येणारं असेल तर त्याच्याबरोबर दे. घाई नाही. पण पावसाळ्यापूर्वी मिळाली तर बरं, म्हणजे जूनच्या आधी, किंवा फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

ता. क. २. छत्रीचं लिहीपर्यंत शटर पडून गेलं आणि बटण दाबायचं राहिलं. ताई, कॅसेट तिथे संपत नाही. चित्र संपतं. भाऊजींनी कॅमेरा तसाच चालू पिशवीत ठेवला असणार. पडदा काळाच होता, मी बंद करायला उठलो, आणि काळ्या पडद्यातून किल्ल्यांचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, ‘किती कॅसेटी झाल्या?’ मी रिमोट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आपण दोघं तेव्हा स्टँडवर गाडी बघायला गेलो होतो, दुकानाशी ते दोघंच होते. भाऊजी म्हणाले, ‘एकच. आमच्याकडे सोय आहे, उद्या दुसरी काढून देतो. दोघांना एकेक.’ बाबा म्हणाले, ‘नको.’ मग कुलूप लावल्याचा आवाज. मग म्हणाले, ‘एकच असू द्या. दोन झाल्या की कोण कुणाकडे जातंय? ही न्यायला तरी येतील.’ भाऊजी म्हणाले, ‘बरं.’ बाबा म्हणाले, ‘विचारलं तर मशीन बिघडलं म्हणा.’ त्यानंतर नऊ मिनिटं दोघं नुसते चालतात. बाबांची चप्पल ओळखू येते.

ता. क. ३. एकोणीस वर्षं, ताई. त्या माणसाने तुझं सगळं ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्राची घडी केली. वर मी लिहिलेले ‘त्यांचं न झालेलं काम’ हे शब्द खोडायला गेलो होतो, मग तसेच राहू दिले. तू वाच, मला लाज वाटू दे. त्यांना मात्र यातलं काही बोलू नकोस. शब्द दिला होता तो त्यांनी पाळला आहे, आपण फोडून त्यांची पंचाईत करायची नाही. आणि एकतिसाव्या मिनिटाचा आपला वाद मी मागे घेतो. ते तुझ्याकडे बघून हसत नाहीत आणि माझ्याकडेही नाही. सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. आजच दिसलं.

ता. क. ४. तुझं ते पत्र आलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मुद्दा बरोबर आहे असं वर लिहिलं आहे, पण मला वाईट वाटलं होतं. पाकीट बंद करण्याआधी हे लिहायला हवं म्हणून लिहितो आहे.

ता. क. ५. सोबत डिस्क जोडलेली नाही. तुझ्यासाठी काढलेली पाचव्या डोसातली डिस्क शटरपाशी संपते, म्हणजे औषध अर्धवट, म्हणून ती मी नियमाप्रमाणे कात्रीने कापली. पूर्ण उतरलेली एकच आहे. तिला बूच लावलं आहे, तुझ्या प्लेयरवर चालेल. कॅसेटने मात्र आता मान टाकली. डिस्क जूनच्या पहिल्या रविवारपर्यंत माझ्याकडे, पुढे तुझी पाळी. न्यायला ये. बसमध्ये पुढची जागा धर, पाय पसरता येतात. गुडघ्यासाठी गोळी मी काढून ठेवली आहे. भाऊजींना घर राखायला मागे ठेवू नकोस, त्यांनाही आण. या वेळी आपल्या दोघांच्या मधल्या खुर्चीत ते बसतील. तुझ्या भावजयीने चादरी काढल्या आहेत, तिला मी अजून काही सांगितलंही नव्हतं. छत्री विसरलीस तरी चालेल.

दोघांसाठी दोन डिस्क काढायच्या ठरल्या होत्या, हे खरं. दुसरी काढणारच होतो, पण मशीन बिघडलं.